न वापरलेल्या पटकथेची चित्रकथा करताना तिचे दोष ठेवावेत की काढावेत?

सीताबर्डीकर:

नमस्कार.

अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी मे १९७४ मध्ये पूर्ण केलेल्या ‘द स्टार वॉर्स’ या पटकथेच्या पहिल्या खर्ड्यावर डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशनाने २०१३-१४ मध्ये आठ अंकांची चित्रकथा काढली होती, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. शब्दांकन जे. डब्ल्यू. रिंझलर यांचे आणि चित्रे माइक मेह्यू यांची. नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या लहानशा वाचनगटात ही चित्रकथा सध्या एकाकडून दुसऱ्याकडे फिरते आहे आणि तिच्यावरून आमच्यात चांगलेच मतभेद झाले आहेत. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ चित्रपट पाहिलेला वाचक ती उघडतो, तेव्हा चित्रपटातला तरुण नायक ल्यूक स्कायवॉकर त्याला साठीच्या घरातला सेनापती म्हणून भेटतो, नायकाच्या जागी ॲनिकिन स्टारकिलर नावाचा अठरा वर्षांचा तरुण असतो, चित्रपटात माणूस असलेला हॅन सोलो हिरव्या कातडीचा, नाक नसलेला आणि कल्ले असलेला परग्रहवासी निघतो आणि आर्टू हा यंत्रमानव चक्क माणसासारखा बोलतो. आमच्यापैकी काहींच्या मते हे केवळ चाहत्यांचे कुतूहल पुरवणारे काम आहे. काहींच्या मते ती स्वतःच्या बळावर उभी राहणारी कथा आहे.

हा प्रश्न नुसत्या रसास्वादाचा असता तर गटातच मिटला असता. येथे विचारण्याचे कारण वेगळे आहे. माझे थोरले मामा नागपुरात सरकारी नोकरीत भूवैज्ञानिक होते. १९७८-७९ च्या सुमारास त्यांनी मुंबईच्या एका चित्रसंस्थेसाठी मराठी विज्ञानपटाची पटकथा लिहिली होती. संस्थेने ती वाचून थोडी रक्कम दिली, एक पत्र पाठवले आणि पुढे काहीच केले नाही. मामा आता हयात नाहीत. नागपूरच्या महाल भागातले जुने घर रिकामे करताना मामेबहिणीला पटकथेची टंकलिखित प्रत सापडली आणि तिने ती माझ्याकडे सोपवली.

कथा लोणारच्या सरोवरापाशी घडते. लोणारचे विवर उल्काघाताने तयार झाले असल्याचा पुरावा १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. ही त्या काळची ताजी माहिती मामांनी उचलली आणि उल्केसोबत येऊन विवराच्या तळाशी गाडली गेलेली एक यंत्रबुद्धी हजारो वर्षांनी जागी होते, अशी कल्पना रचली. कल्पना आजही मला पकड घेणारी वाटते. पटकथेत मात्र दोष पुष्कळ आहेत. नागपूरहून निघणाऱ्या पथकात सात माणसे आहेत आणि त्यांपैकी दोघांचे काम अगदी एकच आहे. नायिकेचे नाव मध्यंतरानंतर बदलते. पथक लोणारला पोहोचण्याआधीच पटकथेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सीताबर्डी, झिरो माइल आणि सिव्हिल लाइन्समध्ये खर्च होतो. शेवटी ती यंत्रबुद्धी सलग चार पाने बोलते.

त्याच बाडात एकोणिसावा प्रसंगही आहे. सरोवराचे पाणी एका रात्रीत ओसरते, तळाची चिखलट जमीन उघडी पडते आणि तिच्यावर एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी दिसू लागते. काठावरच्या देवळातून कंदील घेऊन उतरलेला म्हातारा पुजारी नक्षीच्या पहिल्या रेषेपाशी थांबतो आणि वहाणा काढून ठेवतो. या प्रसंगाच्या समासात कोणीतरी तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आहे: ‘खर्च?’

आम्हाला या पटकथेची चित्रकथा करायची आहे. ती करताना मामांचा मजकूर जसा आहे तसा ठेवावा की त्यातील उघड दोष दूर करावेत, यावर जाणकारांनी मत द्यावे. असे काही प्रसिद्ध करण्याचा अधिकार आम्हाला आहे का, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

महालकर:

माझे मत मजकूर तसाच ठेवण्याच्या बाजूचे आहे, आणि ते मी तुम्ही उल्लेखिलेल्या चित्रकथेच्याच आधारे मांडतो.

मे १९७४ च्या खर्ड्यानंतर ल्यूकस यांनी जानेवारी १९७५ मध्ये दुसरा आणि ऑगस्ट १९७५ मध्ये तिसरा खर्डा लिहिला. चौथा १९७६ मध्ये झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ट्युनिशियात चित्रीकरण सुरू झाले. या प्रवासात पहिल्या खर्ड्यातील कितीतरी गोष्टी गळाल्या, पण वाया मात्र गेल्या नाहीत. लघुग्रहांच्या पट्ट्यातील पाठलाग याच मालिकेतील १९८० च्या चित्रपटात आला. अरण्यातील आदिम टोळी साम्राज्याच्या बलाढ्य सैन्याशी लढते, ही कल्पना १९८३ मध्ये वेगळ्या प्राण्यांना घेऊन आली. व्हॅलोरम हे नाव १९९९ मध्ये एका राजकारण्याला मिळाले आणि उटापाऊ हा ग्रह २००५ मध्ये पडद्यावर दिसला. रिंझलर यांनी २००७ मध्ये पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीवर मोठा ग्रंथ लिहिला होता आणि त्यासाठी ल्यूकस यांच्या दप्तरातील सारे खर्डे त्यांच्या नजरेखालून गेले होते. त्यामुळे कोणती कल्पना पुढे कोठे गेली हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला माहीत असेल. तरीही त्यांनी नंतरचे शहाणपण आधीच्या मजकुरावर लादले नाही, याचा मला फार आदर वाटतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे केन स्टारकिलर आणि चित्रपटांत काळ्या मुखवट्यातला खलनायक म्हणून गाजलेला डार्थ व्हेडर. खर्ड्यात केन हा नायकाचा पिता आहे, जुना योद्धा आहे आणि त्याच्या शरीराचा बराचसा भाग यंत्राचा आहे. इतरांचे प्राण वाचावेत म्हणून तो आपल्याच देहातील ऊर्जासंच काढून देतो आणि मरतो. त्याच खर्ड्यातला व्हेडर हा मुखवटा नसलेला, यंत्राचा श्वास नसलेला, साम्राज्याचा एक सेनापती आहे आणि तो अंतराळदुर्गाच्या स्फोटात संपतो. म्हणजे यंत्रदेह आणि पितृत्व एका माणसाकडे, तर क्रौर्य दुसऱ्याकडे. १९८० च्या चित्रपटात ही तिन्ही सूत्रे व्हेडरच्या एकाच काळ्या आकृतीत एकवटली आणि त्या कथेला तिचा खरा कणा मिळाला. चित्रकथा वाचताना ती दोन माणसे अजून वेगवेगळी हिंडताना दिसतात, आणि माझ्या दृष्टीने या आठ अंकांचे खरे मोल तेथे आहे. रिंझलर यांनी गर्दी कमी करण्यासाठी त्यांना एकत्र केले असते तर वाचकाच्या हाती काय उरले असते?

तुमच्या मामांच्या पथकातील एकच काम करणारी ती दोन माणसे मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. लेखकाने एकाच गोष्टीसाठी दोन माणसे कल्पिली, याचा अर्थ त्या गोष्टीविषयी त्याच्या मनात दोन विचार चालू होते. ती दोघे एकमेकांशी काय बोलतात ते एकदा नीट वाचावे. त्यांना एक करण्याची घाई कृपया करू नका.

चित्रकथेत दोष नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या दोन अंकांत राजा, राणी, सेनापती, मंत्री, हेर अशी इतकी माणसे येतात की अंक पुन्हा मागे उलटावा लागतो. नायकाचा दहा वर्षांचा भाऊ प्रारंभीच मारला जातो, आणि तो मृत्यू पुढच्या धावपळीत पुरेसा झिरपत नाही. ॲनिकिन आणि राजकन्या लेया यांचे प्रेम तर कोणतीही पूर्वतयारी नसताना जाहीर होते. हे सारे वाचताना खटकते, पण खटकले तरी ते १९७४ चे आहे आणि म्हणून मला हवे आहे.

रेषा:

मी पुस्तकांसाठी चित्रे काढते, त्यामुळे चित्रकाराच्या बाजूने लिहिते. महालकर सरांचे विवेचन आवडले, पण ‘मजकूर तसाच ठेवला’ असे म्हटल्याने चित्रकथेतील निम्मेच काम सांगून होते.

पटकथा चेहरा सांगत नाही. ल्यूकस यांच्या खर्ड्यात आर्टू हा तीन फूट उंचीचा, नख्यांसारखे हात असलेला तिपाई यंत्रमानव आहे, एवढे वर्णन मिळते. दुसरा यंत्रमानव थ्रीपिओ उंच, चकचकीत आणि १९२०-३० च्या दशकातील आर्ट डेको शैलीची आठवण देणारा आहे, एवढे मिळते. बाकी सारे चित्रकाराने ठरवायचे. मेह्यू यांनी त्यासाठी मूळ चित्रपटाकरिता केलेल्या राल्फ मॅक्वॉरी यांच्या प्रारंभीच्या कल्पनाचित्रांचा आणि कॉलिन कँटवेल यांच्या यानांच्या प्रतिकृतींचा आधार घेतला. हा निर्णय मला योग्य वाटतो, परंतु ती कल्पनाचित्रे आणि त्या प्रतिकृती मे १९७४ चा खर्डा लिहून झाल्यानंतरच्या आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे चित्रकथेतील घटना एका टप्प्यावरच्या आणि तिचे दृश्यरूप पुढच्या टप्प्यावरचे आहे. अगदी निष्ठेने केलेल्या कामातही असे होतेच.

सीताबर्डीकर, तुमच्यासमोर हाच प्रश्न अधिक अवघड रूपात येईल, कारण तुमच्याकडे एकही कल्पनाचित्र नाही. माझा आग्रह असा की यंत्रबुद्धी आजच्या चित्रपटांतल्यासारखी काढू नये. १९७८ मध्ये नागपुरात राहणाऱ्या भूवैज्ञानिकाच्या डोळ्यांसमोर कोणती यंत्रे होती, हे पाहावे. भोकांच्या कार्डांवर चालणारे संगणक, कार्यालयातले टंकयंत्र, खाणीतील वेधनयंत्र, खडकाचे पातळ काप पाहण्याचे सूक्ष्मदर्शक. ती नक्षीदेखील मामांना बहुधा खडकाच्या कापातूनच सुचली असावी. ध्रुवित प्रकाशात बेसाल्ट या काळ्या खडकाचा काप पाहिलेला माणूस ते दृश्य विसरत नाही. त्यांच्या कार्यालयीन वह्या किंवा समासातील रेखाटने उरली असतील तर ती आधी शोधा. एखादी फाटकी वहीसुद्धा चित्रकाराला कितीतरी देऊन जाते.

आता लांबीविषयी. चित्रपटात पटकथेचे एक पान ढोबळमानाने एक मिनिट मानतात. चित्रकथेच्या पानावर पाच-सहा चौकटी बसतात आणि एका चौकटीत पंचवीस-तीस शब्दांहून अधिक संवाद घातला की फुगे चित्र गिळून टाकतात. यंत्रबुद्धीचे चार पानांचे भाषण जसेच्या तसे घेतले तर दहा-बारा पाने नुसते बोलणेच चालू राहील. त्यामुळे कात्री लागणारच. परंतु संवाद आटोपशीर करणे वेगळे आणि घटना बदलणे वेगळे. पहिले मी बिनदिक्कत करीन. दुसऱ्यासाठी मात्र मला सबळ कारण लागेल.

तांबड्या पेन्सिलीतला ‘खर्च?’ वाचून मला अमेरिकी पटकथाकार रॉड सर्लिंग यांची आठवण झाली. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेल्या पटकथेत वानरांची वस्ती आधुनिक शहरासारखी होती, तेथे मोटारी होत्या, हेलिकॉप्टरे होती. एवढे शहर उभे करणे परवडणारे नव्हते, म्हणून १९६८ च्या चित्रपटात वानर ओबडधोबड दगडी घरांत राहतात. २०१८ मध्ये डेना गोल्ड आणि चॅड लुइस यांनी ‘व्हिजनरीज’ या चित्रकथेत सर्लिंग यांचे शहर कागदावर परत आणले. कागदावर हेलिकॉप्टरला आणि झोपडीला सारखीच शाई लागते. म्हणून तुमच्या कामाची सुरुवात एकोणिसाव्या प्रसंगापासून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

सिव्हिल_लाइन्स_वकील:

अधिकाराच्या प्रश्नाबाबत थोडक्यात लिहितो. कागदपत्रे न पाहता दिलेले हे मत प्राथमिक समजावे.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २ मध्ये ‘रूपांतर’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात कथा किंवा घटना पूर्णतः वा मुख्यतः चित्रांच्या द्वारे सांगणारी, पुस्तकात वा नियतकालिकात छापण्याजोगी आवृत्ती स्पष्टपणे समाविष्ट आहे. म्हणजेच पटकथेची चित्रकथा करणे हा मूळ लेखकाचा, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा, राखीव अधिकार आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर हा हक्क साठ वर्षे टिकतो. लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या साहित्यकृतीच्या बाबतीत तर ही साठ वर्षे प्रथम प्रकाशनापासून मोजली जातात, आणि मूळ कृतीच्या आधी तिचे रूपांतर प्रसिद्ध झाले तर त्या रूपांतराच्या प्रकाशनापासून. तुमची चित्रकथा मामांच्या पटकथेआधी प्रसिद्ध झाली तर मुदतीची गणना तिच्यापासून सुरू होईल, हे वारसांना आधीच समजावून सांगावे.

पत्राचा मुद्दा अधिक नाजूक आहे. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो आपोआप लेखकाकडे परत येतो, असे तुम्हाला अनेक जण सांगतील. तशी तरतूद कलम १९ मध्ये आहे हे खरे, पण ती १९९४ च्या दुरुस्तीने आली आणि त्या दुरुस्तीपूर्वी झालेल्या हस्तांतरणांना ती लागू होत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. तुमचे पत्र १९७८-७९ चे आहे. त्यामुळे भिस्त पत्रातील शब्दांवर आणि मामांच्या सहीवर राहील. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हस्तांतरण करणाऱ्याच्या सहीनिशी असावे, ही अट तेव्हाही होती. केवळ संस्थेने पाठवलेले पत्र असेल आणि त्यावर मामांची सही नसेल, तर हस्तांतरण झाले असे म्हणणे संस्थेला जड जाईल. सही असली तरी केवळ चित्रपटाचा हक्क दिला आहे की सर्व हक्क दिले आहेत, हे पाहावे लागेल. चित्रपटाचा हक्क दिल्याने चित्रकथेचा हक्क जात नाही.

ल्यूकस यांच्या खर्ड्याबाबत अशी अडचण नव्हती, कारण हक्क त्यांनीच स्थापन केलेल्या ल्यूकसफिल्म या कंपनीच्या हाती होते. पत्र घेऊन एकदा प्रत्यक्ष भेटा. सर्व वारसांची लेखी संमती मात्र आजच घ्यायला हरकत नाही.

अंबाझरीकाठ:

सर्वांचे प्रतिसाद वाचले. महालकर यांच्याशी मी एका मूलभूत मुद्द्यावर असहमत आहे आणि तो सविस्तर मांडतो.

केन स्टारकिलर आणि व्हेडर वेगवेगळे दिसतात याचा आनंद आपल्याला होतो, कारण ते पुढे एक झाले हे आपल्याला आधीच माहीत असते. १९७७ चा चित्रपट जगाने पाहिलेला आहे; खर्ड्यावरची चित्रकथा त्याच्या शेजारी ठेवून वाचली जाते. ल्यूकस यांनी जे टाकले, त्याचे मोल त्यांनी जे ठेवले त्याच्यामुळे ठरते. सीताबर्डीकर यांच्या मामांची पटकथा अशा कोणत्या चित्रपटाच्या शेजारी ठेवणार? तो चित्रपट झालाच नाही. वाचकाच्या हाती पहिली आणि शेवटची गोष्ट हीच असणार. नायिकेचे नाव मध्येच बदललेले पाहून कोणत्याही वाचकाला लेखकाच्या मनातील घालमेल दिसणार नाही. त्याला फक्त मुद्रणदोष दिसेल आणि तो पुस्तक मिटून ठेवील. ज्या माणसाची कथा चाळीस-पंचेचाळीस वर्षे कोणी वाचली नाही, त्याच्यावर हा अन्याय मला सहन होणार नाही.

विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सन यांच्या ‘एलियन ३’ या पटकथेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९८७ मध्ये त्यांनी लिहिलेली पटकथा स्टुडिओने वापरली नाही. १९९२ चा चित्रपट सर्वस्वी वेगळा झाला. गिब्सन यांच्या कथेत मालिकेची नायिका रिप्ली बहुतांश वेळ बेशुद्ध आहे, हिक्स आणि बिशप या दुय्यम पात्रांवर कथा चालते आणि अंतराळातही शीतयुद्धातल्यासारखे दोन गट एकमेकांवर नजर ठेवून आहेत. जॉनी ख्रिसमस यांनी २०१८-१९ मध्ये तिची पाच अंकांची चित्रकथा केली, तेव्हा त्यांनी गिब्सन यांचा दुसरा खर्डा आधाराला घेतला. माझ्या मुद्द्याशी या निवडीचा थेट संबंध आहे. लेखकाने स्वतः एकदा हात फिरवलेला मजकूर घेतला की चित्रकथा वाचताना अडखळायला होत नाही, आणि पाच अंक एका बैठकीत संपतात. मामांना दुसरा खर्डा लिहिण्याची संधी मिळाली नाही. ती मिळाली असती तर त्यांनी नायिकेला एकच नाव ठेवले असते, याविषयी कोणाच्या मनात शंका आहे का?

सत्यजित राय यांची ‘द एलियन’ ही १९६७ ची पटकथाही चित्रपटाविनाच राहिली. बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात उतरणारे यान, ही तिची कल्पना. पटकथा आणि तिच्या भोवतीचा पत्रव्यवहार २०१८ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि लोकांनी तो आस्थेने वाचला, पण तेथे वाचक रायांसाठी येतो आणि त्यांचा प्रत्येक खोडलेला शब्दही त्याला हवा असतो. आपल्या लेखकाला अजून वाचक मिळवायचा आहे.

म्हणून माझी सूचना अशी. नाव एकच करा. नागपुरातील प्रसंग निम्म्यावर आणा, पण ते समूळ काढू नका. सीताबर्डीच्या गर्दीतून निघालेली माणसे विवराच्या काठावर उभी राहतात, हा फरक कथेला हवा आहे. भाषण रेषाताई म्हणतात तसे आटोपशीर करा. आणि पुस्तकाच्या शेवटी मूळ टंकलिखित पानांपैकी निवडक पाने, तांबड्या पेन्सिलीसकट, छायाचित्ररूपाने छापा. काय बदलले आहे हे अभ्यासकाला तेथे तपासता येईल.

महालकर:

अंबाझरीकाठ यांचा शेजारी चित्रपट नसल्याचा मुद्दा मी मान्य करतो. तो वजनदार आहे. नावाच्या बाबतीत माझा आग्रह नाही. त्या दोन माणसांच्या बाबतीत मात्र तो कायम आहे. नाव बदलणे ही नजरचूक असू शकते, पण सबंध पटकथाभर दोन माणसे सोबत चालवणे ही नजरचूक असू शकत नाही. सीताबर्डीकर, त्यांचा एखादा संवाद येथे देता येईल का?

सीताबर्डीकर:

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. वकीलसाहेब, पत्र मामेबहिणीकडे आहे. तिच्याशी बोलून मी पुढील आठवड्यात आपल्याला भेटतो.

महालकर सर, तुमच्या सांगण्यावरून ती पाने काल रात्री पुन्हा वाचली. दोघेही भूवैज्ञानिक आहेत, दोघेही खडकाचे नमुने गोळा करतात, त्यामुळे मी त्यांना एकच समजत होतो. एक जण नागपूरचा आहे आणि दुसरा लोणारचाच, शिकून नागपूरला नोकरीला आलेला. एकोणिसाव्या प्रसंगात पाणी ओसरल्यावर नागपूरचा म्हणतो, “आधी मोजमाप घेऊ, मग खाली उतरू.” लोणारचा उत्तर देतो, “साहेब, ह्या पान्यात माह्या आज्याच्या अस्थी हायेत. मी आधी उतरतो, मंग तुमी मोजा.” पुढे ते दोघे पटकथाभर नमुने गोळा करतात, पण लोणारचा माणूस प्रत्येक वेळी उचललेल्या दगडाची जागा लक्षात ठेवतो आणि शेवटच्या प्रसंगात सर्व दगड परत जागेवर ठेवतो. चार पानांच्या भाषणाच्या मागे हे दडून राहिले होते. आता त्या दोघांना एक करण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट भाषण कमी केल्यावर शेवट या दगडांवर येईल, असे आम्हा सर्वांना वाटते.

अंबाझरीकाठ यांची सूचना आमच्या गटाने स्वीकारली आहे: नाव एक करायचे, नागपूरचा भाग कमी करायचा, मूळ पाने शेवटी छापायची. रेषाताई, एकोणिसाव्या प्रसंगाची चौकटींमधील मांडणी आपण सुचवाल का? मानधनाविषयी स्वतंत्रपणे बोलू.

रेषा:

तो संवाद वाचून मी लगेच पेन्सिल हाती घेतली. कच्ची मांडणी अशी सुचते, समोरासमोरच्या दोन पानांसाठी.

डाव्या पानावर चार आडव्या, अरुंद चौकटी. पहिलीत पाणी काठापर्यंत, दुसरीत थोडे खाली, तिसरीत काठावरच्या बाभळींची मुळे उघडी पडलेली, चौथीत नुसता चिखल. एकाही चौकटीत शब्द नाही. वेळ पुढे सरकल्याचे केवळ चंद्राच्या जागेवरून कळेल. उजव्या पानाचा वरचा दोन-तृतीयांश भाग एकाच चौकटीचा: विवराच्या काठावरून खाली पाहिलेले संपूर्ण दृश्य, तळाशी ती नक्षी आणि तिच्या कडेला कंदिलाचा एक ठिपका. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तेव्हा पुजारी खरोखरच ठिपक्याएवढा दिसला पाहिजे, नाहीतर विवराचा विस्तार वाचकाला जाणवणार नाही. खालच्या पट्टीत तीन लहान चौकटी: वहाणा काढणारे हात, मग नागपूरचा माणूस मोजपट्टी सोडवताना आणि तो जे बोलतो ते, शेवटी लोणारच्या माणसाचा चेहरा आणि त्याचे उत्तर. दोन्ही संवाद शब्दशः मामांचेच राहतील. त्यांना कात्री लावण्याची गरज नाही.

रंगांसाठी एक विनंती आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते आणि इंटरनेटवर आता बहुतेक तीच छायाचित्रे समोर येतात. मामांनी पाहिलेले पाणी शेवाळामुळे हिरवे होते. त्या काळातील रंगीत छायाचित्रे किंवा पारदर्शिका (स्लाइड), त्यांच्या कार्यालयीन दौऱ्यांतील असल्या तर उत्तमच, मामेबहिणीकडे आहेत का ते विचारून कळवावे. तोवर मी काळ्या शाईतच काम पुढे नेते.